शेवटचं पुस्तक विकून झाल्यावर दुकानात काय उरतं?



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो होतो: "तुमच्या दुकानातली सर्वांत जास्त खपणारी वस्तू कधीतरी संपणार आहे. तिची तारीख तुम्हाला माहीत आहे का?" त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, चांगला चाललेला माल कशाला संपेल? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर लिहितोय. उदाहरण घेतलंय एका पुस्तकाचं. पुस्तक वाचलेलं नसलं तरी काही बिघडत नाही, आपल्याला त्याचा हिशोब बघायचाय. तेवढी वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

२१ जुलै २००७, शनिवार, कोथरूड

मी तेव्हा बीबीएच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता. कर्वे पुतळ्याजवळच्या एका गल्लीत बाबांचा छोटा गाळा होता. पुढे स्टेशनरी, मागे भिंतभर कपाटं आणि त्यात वाचनालय. आज त्याच गाळ्यात माझं दुकान आहे.

त्या सकाळी हॅरी पॉटरचं सातवं आणि शेवटचं पुस्तक, 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज', जगभर एकाच वेळी विक्रीला आलं. पहिलं पुस्तक आलं होतं १९९७ च्या जूनमध्ये. म्हणजे दहा वर्षं एक गोष्ट चालू होती. आपल्यासारख्याच साध्या शहरात, रेल्वे स्टेशनच्या भिंतीमागे जादूचं जग लपलंय, अशी ती गोष्ट. जी मुलं पहिलं पुस्तक वाचताना चौथी-पाचवीत होती, ती शेवटच्या वेळी कॉलेजात गेली होती. मी त्यांतलाच एक.

आपल्याकडे छापील किंमत होती ९७५ रुपये. २००७ साली, स्टेशनरीच्या दुकानात, एका पुस्तकाचे ९७५! बाबा आधी तयार नव्हते. मी मागे लागलो. "बाबा, सगळी पोरं विचारतायत, आपण नाही ठेवलं तर दुसरीकडे जातील." सभासदांची यादी केली, सव्वीस जणांनी "माझं एक ठेवा काका" असं सांगितलं. बाबांनी चाळीस प्रती मागवल्या. का चाळीस? तर "सव्वीस नक्की आहेत, चौदा येताजाता खपतील."

सकाळी साडेसहाच्या सुमारास शटर वर केलं तेव्हा बाहेर दहा-बारा मुलं आणि त्यांचे डोळे चोळणारे आईवडील उभे होते. आमच्या दुकानासमोर रांग! बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. दुपारपर्यंत एकोणीस प्रती गेल्या, रविवारी उरलेल्या सात. गल्ल्यात एवढी मोठी रक्कम दोन दिवसांत मी त्याआधी पाहिली नव्हती. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

आता वही उघडू

पुढच्या वर्षी कॉलेजात कॉस्टिंग शिकवायला लागले तेव्हा मी बाबांची वही घेऊन बसलो. तो हिशोब जसाच्या तसा देतो.

खरेदी: आम्हाला कमिशन मिळालं २५ टक्के. म्हणजे एक प्रत पडली ७३१ रुपये २५ पैशांना. चाळीस प्रती, एकूण २९,२५० रुपये. अट अशी की न खपलेला माल परत घेणार नाही.

विक्री: मोठ्या दुकानांत सूट होती, म्हणून सभासदांना आम्ही ८३० ला दिलं. २६ प्रती, २१,५८० रुपये.

नंतर काय झालं? सव्वीस "नक्की" गिऱ्हाइकं दोन दिवसांत संपली. सत्ताविसावं गिऱ्हाईक यायला आठ दिवस लागले. तोवर दोन गोष्टी झाल्या. मोठ्या दुकानांनी सूट वाढवली आणि सिग्नलवर नकली प्रती आल्या. आम्ही ७८० वर उतरलो, तेव्हा महिनाभरात पाच गेल्या. ३,९०० रुपये.

उरल्या नऊ. तीन प्रती बाबांनी वाचनालयात घातल्या, दिवसाला दहा रुपये भाड्याने. त्या चार महिन्यांत मिळून ऐंशी-ऐंशी दिवस बाहेर राहिल्या. २,४०० रुपये. शेवटच्या सहा प्रती दीड वर्ष कपाटात धूळ खात पडल्या आणि दोनशे रुपयांच्या भावाने रद्दीपेक्षा बरं म्हणून गेल्या. १,२०० रुपये.

सगळी बेरीज: २९,०८० रुपये.

खर्च २९,२५०, आले २९,०८०. तोटा १७० रुपये. त्यात चहा धरलेला नाही, लाइट बिल नाही, अडकलेल्या पैशाचं व्याज नाही.

परत एकदा वाचा. दहा वर्षं जग ज्याची वाट बघत होतं, तो माल आमच्या दुकानात होता, बाहेर रांग होती, आणि आम्ही १७० रुपये तोट्यात गेलो.

या हिशोबात एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. भाड्याच्या तीन प्रती. त्यांची खरेदी सुमारे २,१९४, मिळाले २,४००, आणि पुस्तकं आमच्याकडेच राहिली. लहानशी रक्कम आहे, पण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हे फक्त कोथरूडचं दुखणं नव्हतं

तुम्ही म्हणाल, तुमचे बाबा जरा भोळे होते. तसं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये, जिथे हे पुस्तक जन्मलं, तिथेही छोट्या दुकानदाराची हीच गत झाली.

पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत ८३ लाख प्रती खपल्या, ब्रिटनमध्ये २६ लाखांच्या वर. ब्रिटनमध्ये छापील किंमत होती १७.९९ पौंड. आणि 'अ‍ॅस्डा' नावाच्या सुपरमार्केटने ते पुस्तक लावलं ५ पौंडांना! का? त्यांना पुस्तकावर कमवायचंच नव्हतं. पुस्तकासाठी आलेलं गिऱ्हाईक ब्रेड, दूध, साबण घेऊन जाईल, हा हिशोब. काही छोट्या पुस्तकवाल्यांनी तर घाऊक विक्रेत्याकडून घेण्यापेक्षा सुपरमार्केटमधूनच प्रती उचलल्या, कारण तिथला किरकोळ भाव यांच्या खरेदी भावापेक्षा कमी होता. मलेशियात मोठ्या पुस्तक दुकानांनी याच कारणावरून हे पुस्तक विक्रीतूनच काढून ठेवलं होतं.

यातून पहिला धडा घ्या. ज्या मालाची सगळ्यांना वाट असते, तो सगळ्यांकडेच असतो. आणि जो सगळ्यांकडे असतो, त्यात छोट्या दुकानदाराला मार्जिन उरत नाही. दिवाळीतली नावाजलेल्या कंपनीची मिठाईची पेटी, नवा मोबाइल, गाजलेल्या सिनेमाची खेळणी, सगळीकडे हेच. गर्दी होते, फोटो छान येतात, गल्ला भरलेला दिसतो. वर्षाच्या शेवटी पदरात काय पडलं ते बघा.

प्रकाशकासमोरचा प्रश्न

आता टेबलाच्या पलीकडे जाऊ. हे पुस्तक काढणारी कंपनी ब्लूम्सबरी. लंडनची, १९८६ साली सुरू झालेली. पहिल्या हॅरी पॉटरच्या पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या आवृत्तीच्या त्यांनी फक्त ५०० प्रती काढल्या होत्या. म्हणजे तेही एका अर्थी आपल्यासारखेच जपून पाऊल टाकणारे. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे.

पण आकडे बघा. २००५ साली सहावं पुस्तक आलं. त्या वर्षी कंपनीचा करपूर्व नफा सुमारे २ कोटी पौंड. २००६ मध्ये नवं हॅरी पॉटर नव्हतं. नफा आला ५२ लाखांच्या आसपास. एका वर्षात पाऊण भाग गायब! २००७ ला शेवटचं पुस्तक आलं आणि नफा पुन्हा पावणेदोन कोटींच्या वर.

म्हणजे कंपनी चालवत होती एक बाई आणि तिचं एक पात्र. त्यात त्या बाईने, म्हणजे जे. के. रोलिंगने, पहिल्यापासून सांगितलं होतं की पुस्तकं सातच. शेवटचं प्रकरण आपण फार आधीच लिहून ठेवलंय, असंही तिने मुलाखतींत सांगितलं होतं. पुस्तकाचं नाव जाहीर झालं डिसेंबर २००६ मध्ये, तारीख फेब्रुवारी २००७ मध्ये. मुख्य माल बंद होणार याची एवढी लांबची नोटीस किती कंपन्यांना मिळते?

ब्लूम्सबरीने त्या नोटिशीचं काय केलं, हे शिकण्यासारखं आहे. "आठवं पुस्तक लिहा हो" म्हणत ते बसले नाहीत. जो पैसा आला होता त्यातून त्यांनी अशी पुस्तकं घ्यायला सुरुवात केली, ज्यांच्यासाठी कुणी पहाटे रांग लावत नाही. २००८ मध्ये बर्ग ही अभ्यासपर पुस्तकांची कंपनी, २००९ मध्ये कायद्याची पुस्तकं काढणारी टॉटेल, २०११ मध्ये कंटिन्युअम. विद्यापीठांची ग्रंथालयं, वकील, प्राध्यापक हे नवे गिऱ्हाईक. कंटाळवाणं वाटतं ना? पण हे गिऱ्हाईक दर वर्षी येतं, आणि त्याला सूट मागायची फारशी सवय नसते. २०१२ मध्ये त्यांनी दिल्लीत भारतातलं ऑफिसही उघडलं.

सगळं जमलं असंही नाही. जर्मनीतला बर्लिन फर्लाग हा प्रकाशक त्यांनी २००३ साली घेतला होता, तो २०१२ मध्ये विकून टाकला. नवे प्रयोग करताना एखादा चुकणारच. पण तो चुकला तेव्हा बाकीचे हात चालू होते. आणि फेब्रुवारी २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीची उलाढाल ३४ कोटी पौंडांच्या वर गेली. त्यात मोठा वाटा पुन्हा एका जादूच्या गोष्टी लिहिणाऱ्या लेखिकेचा, सारा जे. मास हिचा. तिचं पहिलं पुस्तक त्यांनी २०१२ मध्येच काढलं होतं, हॅरी पॉटर संपल्यानंतर पाच वर्षांनी. नवा पॉटर शोधायला वेळ लागतो, आणि तोवर कंपनी जिवंत ठेवायला ती "कंटाळवाणी" पुस्तकं लागतात.

दुसरा धडा: शेवट आल्यावर योजना करायला गेलं तर उशीर झालेला असतो. खप जोरात असतो, तेव्हाच पुढच्या कपाटाचे पैसे बाजूला काढायचे.

आता आमच्या मागच्या कपाटाकडे या

आमच्या वाचनालयात हॅरी पॉटरच्या शेजारच्या कपाटात नारायण धारप होते. चाळिशीच्या वरच्या वाचकांना सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो: 'तुंबाड' सिनेमा पाहिलात ना, २०१८ चा? त्यातल्या आजीच्या भागामागे ज्यांच्या कथेची प्रेरणा आहे, तेच हे धारप. जन्म १९२५, पुण्यातच २००८ च्या ऑगस्टमध्ये गेले, म्हणजे शेवटचा हॅरी पॉटर आल्यावर साधारण वर्षभराने. शंभराहून जास्त पुस्तकं.

त्यांचा एक नायक होता, समर्थ. साध्या मध्यमवर्गी घरात, वाड्यात, फ्लॅटमध्ये काहीतरी अमानवी सुरू होतं आणि मग समर्थांना बोलावलं जातं. शहरातल्या घरात घुसलेली अद्भुताची गोष्ट मराठीत आपल्याकडे फार आधीपासून होती, फक्त तिच्यासाठी पहाटे दुकान उघडावं लागत नव्हतं.

दुकानदार म्हणून मला त्यात काय दिसतं ते सांगतो. हॅरी पॉटरचं पाचवं पुस्तक उचललं तर आधीची चार वाचायला लागतात. आणि सातवं वाचलं की संपलं, सभासद पुस्तक परत करून "आता काय?" म्हणतो. समर्थांची गोष्ट कुठूनही सुरू करता येते. हाताला लागेल ते पुस्तक घ्या, आवडलं तर पुढच्या आठवड्यात दुसरं. आमच्याकडे एक निवृत्त बँकवाले आजोबा होते, ते दर शनिवारी यायचे आणि बाबांना म्हणायचे, "कोणतंही द्या, पण धारपांचं द्या." अशी गिऱ्हाइकं दहा-पंधरा असली की वाचनालयाचं भाडं निघतं.

ती पुस्तकं बाबांनी कधीकाळी वीस-तीस रुपयांना, काही तर जुन्या बाजारातून घेतली होती. एकेक प्रत दोन-तीनदा बाइंडिंग करून आणली होती, शेकडो वेळा बाहेर गेली होती. त्यांच्यासाठी कुणी चहा पाजला नाही, बोर्ड लावला नाही. आणि लेखक गेल्यानंतरही ती मागणी पूर्ण मेली नाही. साकेत, रोहन यांसारख्या प्रकाशकांनी धारपांची पुस्तकं नव्याने आणली. 'तुंबाड' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला झाला.

तिसरा धडा: दुकानात दोन प्रकारचा माल लागतो. एक गिऱ्हाईक आणणारा, एक गिऱ्हाईक टिकवणारा. पहिल्याला शेवट असतो. दुसऱ्यात "कुठूनही सुरू करा" अशी सोय असते. आपण चूक काय करतो? पहिल्यावर फोटो, बोर्ड, उधारी, सगळं लावतो आणि दुसरा मागच्या कपाटात ठेवतो.

बाबांचंही तेच झालं. २००७ नंतर ते "पुढचा हॅरी पॉटर" येण्याची वाट बघत राहिले. जे कोणतं नवं गाजलेलं पुस्तक यायचं त्याच्या दहा-वीस प्रती घ्यायचे. मागच्या कपाटात मात्र नवीन भर पडली नाही. आजोबा म्हणायचे, "ही सगळी वाचली हो." मग एक दिवस ते यायचे थांबले. २०१२ मध्ये वाचनालय बंद केलं. कपाटं विकली. धारपांची पुस्तकं तेवढी बाबांनी दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून पोटमाळ्यावर ठेवली. ती विकायला ते तयार झाले नाहीत. "राहू दे रे," एवढंच म्हणाले.

एवढं कळूनही मी तीच चूक केली

इथे मी मोठा शहाणा म्हणून बोलत नाहीये. ऐका.

बाबांनंतर दुकान मी घेतलं. पूर्ण स्टेशनरी केलं. जवळच्या एका शाळेच्या वह्या-पुस्तकांची यादी आमच्याकडे आली. नाव लिहीत नाही, गरज नाही. एप्रिल ते जून दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. २०२२-२३ ची माझी विक्री होती १८ लाख, त्यातले ११ लाख या एका यादीचे.

मी मित्रांना सांगायचो, "आपला धंदा शाळेवर चालतो." मग २०२३ च्या सुरुवातीला शाळेचं पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून पूर्ण सेट शाळेतूनच मिळणार. नियमाने मला सांगायचीसुद्धा त्यांना गरज नव्हती, तरी त्यांनी तीन महिने आधी सांगितलं. मी काय केलं? तीन महिन्यांपैकी दोन महिने शाळेत चकरा मारल्या. "सर, बघा ना काही होतंय का." आठवं पुस्तक मागत होतो मी!

त्या वर्षी घर बायकोच्या पगारावर चाललं. दुकानाच्या कर्जाचे दोन हप्ते चुकले. एका रात्री तिने शांतपणे विचारलं, "त्या अकरा लाखांत आपल्याला सुटत किती होते?" मला पटकन सांगता आलं नाही. बीबीए केलेला माणूस, दुकानदार, आणि आकडा माहीत नाही.

मग वही काढली. शाळेच्या यादीवर मार्जिन १२ टक्के. ११ लाखांवर १,३२,०००. बाकीचा ७ लाखांचा किरकोळ माल, रंग, कागद, पेन, गिफ्ट, बाइंडिंग, त्यावर सरासरी ३० टक्के. २,१०,०००. म्हणजे ज्याला मी धंदा समजत होतो तो कमी देत होता, आणि ज्याला "किरकोळ" म्हणत होतो तो घर चालवत होता.

पण थांबा, गोष्ट एवढी सोपी नाही. शाळेचा सेट घ्यायला येणारे पालकच तो किरकोळ मालही घेत होते. यादी गेली तशी पुढच्या वर्षी किरकोळ विक्रीही ७ लाखांवरून ५ लाख २० हजारांवर आली. मार्जिन उरलं १,५६,०००. आधीच्या एकूण ३,४२,००० च्या निम्म्याहूनही कमी. म्हणून नुसतं "कमी मार्जिनचा माल सोडून द्या" असं मी कधीच शिकवत नाही. तो माल गिऱ्हाईक आणत असतो. प्रश्न एवढाच की तो आणतोय तोवर तुम्ही त्या गिऱ्हाइकाला दुसरं काय दाखवलंत?

शेवट आधी लिहायचा कसा? पाच पायऱ्या

१. आपलं "सातवं पुस्तक" ओळखा. मागच्या बारा महिन्यांची विक्री वहीत मांडा. एकच वस्तू, एकच गिऱ्हाईक, एकच सण किंवा एकच ॲप यातून चाळीस टक्क्यांच्या वर येत असेल, तर ते तुमचं सातवं पुस्तक. खानावळ असेल तर एका कंपनीचे डबे, ब्लाउज शिवत असाल तर एका बुटिकची ऑर्डर.

२. ते कसं संपेल ते लिहा. खरोखर कागदावर, एका वाक्यात. "कंपनी स्वतःचं कँटीन काढेल." "बुटिकवाल्या ताई दुसरीकडे स्वस्तात शिवून घेतील." लिहायला कसंतरी वाटतं, म्हणूनच लिहायचं. रोलिंगने शेवट आधी लिहिला होता, आपण निदान एक ओळ तरी लिहू.

३. विक्री आणि मार्जिन वेगळ्या रकान्यात ठेवा. गल्ल्यातला पैसा हा तुमचा पैसा नाही. प्रत्येक मालासमोर खरेदी, विक्री आणि पडून राहिलेला माल, तिन्ही लिहा. आमच्या त्या सहा प्रती विसरू नका. नफा बहुतेक वेळा न खपलेल्या मालातच गडप होतो.

४. गर्दीच्या दिवसांतून ठराविक वाटा बाजूला काढा. हंगामातल्या मार्जिनचा पाचवा भाग वेगळ्या खात्यात. तो घरखर्चाला नाही, उधारी फेडायला नाही. फक्त नव्या कपाटासाठी. हंगाम संपल्यावर काढू म्हणालात तर काहीच उरत नाही, अनुभव आहे.

५. "कुठूनही सुरू करा" असा माल किंवा सेवा उभी करा. छोटी किंमत, परत परत लागणारी, एकदा घेतलं की पुन्हा यावंसं वाटणारी. आणि ती समोरच्या कपाटात ठेवा, मागच्या नाही.

तुम्ही विचाराल असे दोन प्रश्न

*"सर, मग गाजलेला माल ठेवायचाच नाही का?"* ठेवा. पण आगाऊ पैसे घेतलेल्या ऑर्डरीएवढाच ठेवा. बाबांनी सव्वीसच मागवल्या असत्या तर प्रत्येकी साधारण ९९ रुपयांप्रमाणे अडीच हजारांच्या वर सुटले असते. तोटा झाला तो वरच्या चौदा प्रतींमुळे. "येताजाता खपतील" या दोन शब्दांनी आपल्याकडे जेवढे गाळे बंद पडलेत, तेवढे स्पर्धेनेही पडले नसतील.

*"शेवट जवळ आलाय हे गिऱ्हाइकाला सांगावं का?"* सांगा. तारीख सांगा. शेवटच्या पुस्तकाची तारीख सहा महिने आधी कळली म्हणून लोकांनी तयारी केली, रांगा लावल्या. तुम्ही एखादी सेवा बंद करणार असाल तर गिऱ्हाइकाला आधी कळवा आणि त्याच वेळी पुढची दाखवा. न सांगता बंद केलंत तर ते फक्त "बंद पडलं" म्हणून लक्षात राहतं.

आज काय चालू आहे

२०२४ मध्ये पोटमाळ्यावरून त्या दोन पेट्या खाली काढल्या. मुलांची पुस्तकं थोडी विकत घेतली, सगळी मिळून तीनशेच्या आसपास. दुकानाच्या पुढच्या बाजूला, शटर उघडल्या उघडल्या दिसेल असं कपाट लावलं. महिन्याला १५० रुपये. आज सत्तर सभासद आहेत. महिन्याचे १०,५०० रुपये, त्यातले तीन हजार नव्या पुस्तकांना जातात, न चुकता. बाबांनी भर घालणं थांबवलं होतं, ती चूक पुन्हा करायची नाही. पुस्तक बदलायला आलेलं मूल रंग घेतं, आई गिफ्ट पेपर घेते. शाळेची यादी जे काम तीन महिने करायची, ते काम हे कपाट बारा महिने हळूहळू करतंय. शाळेएवढं अजून नाही झालं. खोटं सांगणार नाही.

संध्याकाळी बाबा येऊन बसतात. सभासदांच्या कार्डांवर तारखा तेच घालतात. परवा एक कॉलेजची मुलगी आली, 'तुंबाड' बघून. म्हणाली, "काका, धारपांचं पहिलं पुस्तक कोणतं? तिथून सुरू करते." बाबा म्हणाले, "अगं, कुठूनही घे."

गृहपाठ

या रविवारी एक तास काढा. पायरी क्रमांक एक आणि दोन, एवढंच करायचं. तुमचं "सातवं पुस्तक" कोणतं आणि ते कसं संपू शकतं, एका ओळीत लिहा. मग शेजारी दुसरी ओळ: त्याच्यामुळे आलेल्या गिऱ्हाइकाला मी आज दुसरं काय दाखवतो? दुसरी ओळ रिकामी राहिली तर घाबरू नका, माझीही रिकामीच होती. पण ती रिकामी आहे हे कागदावर दिसू द्या.

पुढच्या व्हिडिओत पायरी चारचं वेगळं खातं कसं ठेवायचं, ते माझ्या वहीची पानं दाखवून सांगतो. तोपर्यंत शटर वेळेवर उघडा आणि हिशोब रोजचा रोज लिहा.

भेटूच!